आरसा आणि सम

गेल्या महिन्यात काही दिवस काशीस जाण्याचा योग आला. माझी मावशी दुर्गाघाटाजवळच्या एका जुन्या वाड्यात राहते. पंचगंगा, ब्रह्माघाट, दुर्गाघाट या भागात मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या नांदत आली आहेत. त्यांच्या घरी गणपतीत उकडीचे मोदक होतात आणि मुले मात्र अंगणात बनारसी बोलीत भांडतात. मावशीची मुलगी, म्हणजे माझी ताई, तेथेच एका शाळेत शिक्षिका आहे. तिची मुलगी चौदा वर्षांची. सहाव्या वर्षापासून ती कथक नृत्य शिकते आहे.

या खेपेस वाड्यात पाऊल टाकताच काहीतरी बिनसल्याचे जाणवले. एरवी जिन्यापर्यंत ऐकू येणारे घुंगरू ऐकू आले नाहीत. भाची आपल्या खोलीचे दार लावून बसली होती. मावशीने हलक्या आवाजात हकीकत सांगितली ती अशी. पंधरा दिवसांपूर्वी एका समारंभात भाचीचे नृत्य झाले. शेवटची तिहाई नेमकी समेवर यावयाची, ती एका मात्रेने चुकली. प्रेक्षकांपैकी फार थोड्यांच्या ते लक्षात आले असेल. पण मुलीच्या लक्षात आले, आणि ताईच्याही. त्या दिवसापासून मुलीने घुंगरू बांधलेले नव्हते. जेवणावरची तिची वासना उडाली होती. त्याआधी दोन महिने ती रात्री उशिरापर्यंत दगडी गच्चीवर एकटीच सराव करीत असे आणि टाचेला पडलेली भेग मोजे घालून लपवीत असे, हेही आता उघड झाले होते.

"मी तिला एका शब्दाने रागावले नाही," ताई मला म्हणाली. "फक्त चूक कुठे झाली, ते मोबाइलवरचे चित्रण लावून दाखवले."

"किती वेळा दाखवलेस?" मी विचारले.

ताईने उत्तर दिले नाही.

या सदरासाठी मी एका परदेशी चित्रपटावर लिहिण्याचे योजिले होते आणि तो पुन्हा एकवार पाहावयाचा होता. तो चित्रपट म्हणजे २०१० साली प्रदर्शित झालेला 'ब्लॅक स्वान'. डॅरेन ॲरोनॉफ्स्की हे त्याचे दिग्दर्शक, आणि त्यातील प्रमुख भूमिकेबद्दल नॅटली पोर्टमन या अभिनेत्रीला २०११ साली ऑस्कर पारितोषिक मिळाले. हा चित्रपट प्रौढांसाठी आहे. त्यातील काही दृश्ये भयंकर आहेत आणि तो मुलांसमवेत पाहण्याजोगा नाही, हे प्रथमच सांगितले पाहिजे. मुलगी झोपल्यानंतर ताईने आणि मी तो संगणकावर पाहिला. त्या रात्री तो पाहावा असे माझ्या मनात का आले, हे मी ताईला सांगितले नाही. तिनेही विचारले नाही.

ज्यांनी हा चित्रपट पाहिलेला नाही, त्यांच्यासाठी कथानक थोडक्यात सांगते. न्यूयॉर्कमधील एका बॅले संस्थेत नीना नावाची तरुणी नर्तकी आहे. बॅले हा पाश्चात्त्यांचा शास्त्रोक्त नृत्यप्रकार. त्यात नर्तकी टोकाशी कठीण केलेले बूट घालून पायाच्या बोटांवर तोल सावरतात. सराव चालतो तो भिंतभर लावलेल्या आरशांसमोर. संस्थेने 'स्वान लेक' ही नृत्यनाटिका नव्याने बसवावयास घेतली आहे. चायकोव्हस्कीच्या संगीतावर रचलेली ही नाटिका प्रथम १८७७ साली मॉस्कोत रंगमंचावर आली. जादूगाराच्या शापाने हंसी झालेली एक राजकन्या, आणि तिचे रूप घेऊन राजपुत्राला फसविणारी दुसरी एक मायाविनी, अशा दोन स्त्रिया तीत आहेत. या दोन्ही भूमिका एकाच नर्तकीने करावयाच्या असा प्रघात आहे. चित्रपटात पहिली शुभ्र हंसी आहे, दुसरी काळी.

नीनाला शुभ्र हंसी सहज साधते. तिचे प्रत्येक पाऊल शास्त्राला धरून पडते. काळी हंसी मात्र तिला साधत नाही, कारण तेथे केवळ अचूकपणा पुरत नाही. तेथे स्वतःला सैल सोडावे लागते. तिचा दिग्दर्शक तिला हेच पुनःपुन्हा बजावतो. पण स्वतःला सैल सोडावयाचे म्हणजे काय, हे शिकविण्याऐवजी तो आपल्या अधिकाराचा गैरफायदा घेतो. नीना खात नाही, झोपत नाही, नखांनी स्वतःची पाठ ओरबाडते. आरशातले प्रतिबिंब आपल्याआधी हलल्याचा तिला भास होऊ लागतो. बरोबरीची एक मनमोकळी नर्तकी तिला शत्रू वाटू लागते. पहिल्या प्रयोगाच्या रात्री आपण आरशाच्या काचेने त्या मुलीला भोसकले असे तिला वाटते, आणि वार तिने स्वतःवरच केला होता, हे नंतर उमगते. त्याही स्थितीत ती नाचते. प्रेक्षागृह टाळ्यांनी दुमदुमते. आपण अखेर परिपूर्ण झालो, या समाधानात ती रक्ताच्या थारोळ्यात पडून राहते. चित्रपट तेथे संपतो.

समीक्षकांनी या चित्रपटाकडे एका दुभंगलेल्या मनाचा अभ्यास म्हणून पाहिले आहे. ते योग्यच आहे. परंतु घरसंसार असणाऱ्या वाचकाला त्यात आणखी एक व्यक्ती दिसल्यावाचून राहत नाही. ती म्हणजे नीनाची आई. तीही एके काळी नर्तकी होती. मुलीच्या जन्मामुळे आपले नृत्य सुटले, असे ती मानते. आता मुलीचे कपडे, जेवण, झोप, नखे, सारे काही तिच्या ताब्यात आहे. मुलीला मोठी भूमिका मिळते तेव्हा ती भलामोठा केक आणते. मुलगी 'एवढा नको' म्हणताच तिचा चेहरा पालटतो आणि ती तो केरात टाकावयास निघते. मुलगी घाबरून माफी मागते.

या ठिकाणी ताईने चित्रपट थांबविला. बराच वेळ ती काही बोलली नाही. मग म्हणाली, "ती बाई दुष्ट नाही गं. मला आठव्या वर्षी नाच शिकायचा होता. घरातून नको म्हणाले. मुलगी झाली तेव्हाच मी ठरवून टाकले होते."

"काय ठरवले होतेस?"

"की हिचे काही राहू द्यायचे नाही."

ताईच्या या वाक्यात किती माया आहे! आणि त्यातच धोकाही आहे. मुलाचे काही राहू नये असे म्हणता म्हणता, मुलात काही उणे राहू नये, येथपर्यंत आपण केव्हा येऊन पोहोचतो, ते आपल्यालाही कळत नाही.

माझे काम भाषांतराचे. त्यामुळे चित्रपट संपल्यावर माझे मन एका शब्दापाशी अडले. 'परफेक्ट' हा शब्द आता आपल्या घरोघरी रुळला आहे. पोळी गोल झाली तरी आपण तो वापरतो. पण मराठीत त्याला एक शब्द पुरत नाही. आपल्याकडे 'निर्दोष' आहे, 'अचूक' आहे. आणि 'परिपूर्ण'ही आहे. पहिले दोन शब्द वजाबाकीचे आहेत. दोष काढा, चुका काढा, उरेल ते चांगले. तिसरा शब्द भरण्याचा आहे. घडा पाण्याने भरतो तसे काहीतरी आत भरून आलेले असते, आणि एखादा टवका उडाला म्हणून भरलेला घडा रिता होत नाही. नीनाचा सर्वनाश होतो तो मला या घोटाळ्यातून झालेला दिसतो. तिला परिपूर्ण व्हावयाचे असते आणि त्यासाठी ती वजाबाकी करीत बसते. अन्न वजा, झोप वजा, मैत्री वजा, आणि शेवटी स्वतःच वजा.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी भाचीच्या गुरुजींना भेटावयास निघाले. ताईही बरोबर आली. चौखंब्याच्या गल्ल्यांतून मैदागिनवर यावे आणि तेथून कबीरचौऱ्याकडे वळावे. संत कबीरांच्या मठावरून हे नाव पडलेला हा मोहल्ला गायक, वादक आणि नर्तक यांच्या घरांसाठी प्रसिद्ध आहे. पंडित किशन महाराजांचा तबला येथेच घुमला. सितारादेवींचे वडील पंडित सुखदेव महाराज यांचे घराणेही या मोहल्ल्याशी जोडलेले. मुलींना नृत्य शिकविले म्हणून सुखदेव महाराजांना त्या काळी समाजाचा रोष पत्करावा लागला होता; तरी त्यांनी शिकविणे सोडले नाही. सितारादेवी पुढे मुंबईस आल्या आणि तेथेच २०१४ साली त्यांचे निधन झाले. त्यांची बहीण तारा हिचे पुत्र म्हणजे नर्तक गोपीकृष्ण.

गोपीकृष्णांचे नाव घेताच मराठी वाचकाला 'झनक झनक पायल बाजे' हा चित्रपट आठवल्यावाचून राहणार नाही. व्ही. शांतारामांनी परळच्या राजकमल कलामंदिरातर्फे तो १९५५ साली रंगीत स्वरूपात काढला. संगीत वसंत देसाई यांचे, तबला काशीच्याच पंडित सामताप्रसादांचा, नायक आणि नृत्यदिग्दर्शक गोपीकृष्ण. नायिका संध्या यांनी गोपीकृष्णांच्या मार्गदर्शनाखाली नृत्याचे धडे घेतले. काशीचे पाय आणि मुंबईचा कॅमेरा यांची ही भेट होती, असे म्हणता येईल. कलेतील पूर्णत्वाचा प्रश्न आपल्या चित्रपटाने 'ब्लॅक स्वान'च्या पंचावन्न वर्षे आधी विचारला होता, याचे मला त्या गल्लीतून जाताना नवल वाटले. त्यातही एक कठोर गुरू आहे. ती भूमिका केशवराव दाते यांनी केली. कलावंताचे मन कलेवाचून अन्यत्र जाता कामा नये, असा त्याचा दंडक. आपल्यामुळे गिरधरची साधना भंगेल, या भयाने नायिका नीला स्वतः दूर होते आणि जोगीण होऊन भटकते. येथेही वजाबाकीच चालली आहे. प्रेम वजा करावयाचे, म्हणजे कला निर्दोष होईल. पण शांतारामांनी कथेचा शेवट त्या हिशेबावर केला नाही. अखेरच्या स्पर्धेत गिरधरची साथ करावयास नीलाच पुढे येते, आणि दोघे मिळून नाचतात तेव्हाच ती साधना फळाला येते.

आपली परंपरा या दोषापासून मुक्त आहे, असे मला मुळीच सुचवावयाचे नाही. गोपीकृष्णांनी सलग नऊ तास वीस मिनिटे कथक केल्याचा विक्रम आपण कौतुकाने सांगतो. त्यांचे सामर्थ्य असामान्य होते. पण ऐकणारे आईबाप त्यातून तासांचा आकडा तेवढा उचलतात. २०२० साली चैतन्य ताम्हाणे यांचा 'द डिसायपल' हा मराठी चित्रपट व्हेनिसच्या महोत्सवात गौरविला गेला. त्यातला शरद नेरुळकर हा गायक रात्री रिकाम्या रस्त्यांवरून दुचाकीने जातो आणि एका थोर, दिवंगत गायिकेची प्रवचने कानांत ऐकत राहतो. शुद्ध साधनेच्या त्या आदर्शापुढे त्याला स्वतःचे गाणे सदैव उणेच वाटते. नीनाचा आरसा काचेचा, शरदचा ध्वनिफितीचा. आणि माझ्या भाचीचा आरसा मोबाइलमधला होता.

गुरुजींच्या खोलीत आरसा नव्हता. एक सतरंजी, एक हार्मोनियम, तबल्याची जोडी आणि भिंतीवर हनुमंताची तसबीर, एवढेच. चार मुली गुरुजींच्या समोर उभ्या होत्या. कथकाची जुनी शिकवणी अशीच समोरासमोर चालते. विद्यार्थिनी स्वतःकडे पाहत नाही. ती गुरूकडे पाहते आणि गुरू तिच्याकडे. हार्मोनियमवर लेहरा फिरत राहतो. आधी हाताने टाळी देत बोल तोंडाने म्हणावयाचे, याला पढंत म्हणतात. मग तेच बोल पायांनी वठवावयाचे. त्रितालाच्या सोळा मात्रा. पहिली मात्रा ती सम. तिहाई म्हणजे एकच तुकडा तीनदा घेऊन समेवर येणे. तेथे नर्तकी, तबलजी आणि ऐकणारे, सारे एकाच क्षणी एका ठिकाणी पोहोचतात. सम कोणाला एकट्याने गाठता येत नाही. एकट्याला फक्त मोजता येते.

त्या चौघींपैकी एक मुलगी आमच्यादेखत चुकली. ती थबकली आणि ओशाळून खाली पाहू लागली. गुरुजींची टाळी थांबली नाही, लेहराही थांबला नाही. ते एवढेच म्हणाले, "सोलह मात्रा के बाद फिर मौका है, बिटिया." मुलीने मान वर केली, वाट पाहिली आणि पुढच्या आवर्तनात उचलले.

ताईने त्यांना आपल्या मुलीची सारी कहाणी सांगितली. गुरुजी शांतपणे ऐकत होते. गच्चीवरचा एकटीचा सराव आणि टाचेची भेग ऐकून मात्र ते अस्वस्थ झाले. संकटमोचन मंदिरात दरवर्षी हनुमान जयंतीच्या सुमारास रात्र रात्र चालणारा संगीत समारोह होतो, त्याची त्यांनी आठवण दिली. १९२३ पासूनची ही परंपरा. मोठमोठे कलावंत तेथे मानधन न घेता येतात आणि गल्लीबोळांतली माणसे समोर जमिनीवर बसून ऐकतात. कलावंत तेथील सादरीकरणाला 'हाजिरी' म्हणतात. परीक्षा देणे वेगळे आणि हाजिरी लावणे वेगळे, असे गुरुजींचे म्हणणे. परीक्षेत चूक मोजली जाते. हाजिरीत माणूस आला, एवढ्याचेच मोल असते. "मुलीला आधी वैद्याकडे न्या, टाच बरी होऊ द्या," ते म्हणाले. "मग माझ्याकडे पाठवा. घरी एकटीने नाचायचे नाही. पढंत करू दे. पण कोणीतरी समोर बसले पाहिजे."

परत येताना ताईने मला विचारले, "म्हणजे चूक दाखवायचीच नाही का?" हा प्रश्न रास्त आहे, आणि अनेक वाचक-पालकांच्याही मनात तो येईल. चूक अवश्य दाखवावी, गुरुजीही दाखवितात. शिस्तीवाचून कोणतीही विद्या येत नाही, आणि अचूकपणाचा आग्रह सोडून दिला तर कलेचे पोरखेळ होतील. पण चूक दाखविणाऱ्याने त्याच वेळी पुढची सम दाखविली पाहिजे. आपण चित्रण थांबवून, मागे नेऊन, तोच क्षण पुनःपुन्हा पाहतो, तेव्हा मुलाला चूक दिसते. पुढचे आवर्तन दिसत नाही. लय पुढे चालू ठेवणाऱ्याच्या सोबतीत केलेली चूक सुधारते. एकट्याने आरशासमोर मोजत बसलेली चूक मनात घर करते.

आपल्या घरात नाचणारे, गाणारे, खेळणारे किंवा परीक्षेला बसलेले मूल असेल, तर काही खुणांकडे आपले लक्ष असावे. मूल अन्न टाळू लागले, दुखापत लपवू लागले, झोप मोडून एकटेच सराव करू लागले, ज्या गोष्टीत त्याला आनंद होता तिचे नाव निघताच गप्प होऊ लागले, तर त्याला मेहनती म्हणून शाबासकी देऊन थांबू नये. त्याच्याशी निवांत बोलावे, आणि गरज भासल्यास संकोच न करता डॉक्टरांचा किंवा मानसोपचारतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. पायाच्या भेगेवर मलम लावताना जशी आपण लाज बाळगत नाही, तशी येथेही बाळगू नये. नीनाच्या अंगावरचे ओरखडे तिच्या आईला दिसत होते. तिने मुलीची नखे कापली. मुलीला काय खुपते आहे, हे मात्र विचारले नाही.

मी निघावयाच्या आदल्या संध्याकाळी वाड्याच्या ओसरीवर बसले होते. भाची खाली आली. तिच्या टाचेला पट्टी होती आणि घुंगरू तिने आणलेच नव्हते. ती आजीशेजारी मांडी घालून बसली आणि दबक्या आवाजात पढंत म्हणू लागली. गुरुजींची आज्ञा लक्षात ठेवून ताई तिच्यासमोर जाऊन बसली आणि हाताने त्रिताल देऊ लागली. ताईला ताल मोजता येतो, पण कधी कोणाला दिलेला नाही. नवव्या मात्रेवर हात हवेत सोडावयाचा, त्याला खाली म्हणतात. तेथे तिने जोरात टाळी दिली. भाची थांबली.

"आई, चुकलीस."

"कुठे गं?"

"खालीवर टाळी दिलीस."

ताई क्षणभर गोंधळली. मग तीच हसू लागली, आणि मुलगीही हसली. मावशी म्हणाली, "अगं, थांबू नका, चालू द्या." मुलीने आईचा हात मनगटाशी धरला, नवव्या मात्रेशी तो आपल्या हाताने हवेत सोडून दाखविला, आणि पुन्हा पहिल्यापासून बोल धरले.